रुळलेलं नाव

प्रिय धाकट्या,

तुझी लेक मजेत आहे. दुसरीत गेली, पुढचे दोन दात पडले, आणि माझ्या काडीकिड्यांचा ताबा आता तिच्याकडे आहे. मी चष्म्याच्या दुकानातून घरी येईपर्यंत पेट्यांतला शिळा पाला काढून, पाणी फवारून ती मोकळी झालेली असते. तक्रार एकच. पेट्यांवर मी लिहिलेल्या शास्त्रीय नावांना ती काडीची किंमत देत नाही. कॅरॉशिअस मोरोससला ती खुशाल 'लांबूमामा' म्हणते. मी सांगून थकलो की ती मादी आहे. मामा अंडी घालतोय, तरी हिचं आपलं मामाच.

तू म्हणशील, दादाचं जुनंच खूळ. पण मागे आमच्या किडेवाल्यांच्या मंडळातल्या पोस्टमास्तरांनी मला 'काटेरी काडीकिडा' म्हणून अंडी दिली. काटेरी म्हणवणाऱ्या जाती कितीतरी, आणि विकणारे रोज नवं बारसं करतात. मी आपला नेहमीचा गुलाबाचा पाला घातला. ही जात निघाली नेच्यावर जगणारी. पिल्लांनी पानाला तोंड लावलं नाही, सगळी उपाशी मेली. तेव्हापासून कुणी चुकीचं नाव घेतलं की मी तिथल्या तिथं टोकतो, मग समोरचा तोंड वाकडं का करेना. चुकीचं नाव एकदा रुळलं की कुणाच्या बापाला निघत नाही.

तिची आई गेल्यावर, महिन्याभरात नेतो म्हणून तू तिला इथं सोडलंस. त्याला दोन वर्षं होत आली. दोष देत नाही. तिकडची नोकरी, रात्रपाळ्या, एकट्याचं बिऱ्हाड, सगळं मला कळतं. आधी तुझा फोन आला की ती धावत यायची. आता मी हाक मारली तरी चित्र रंगवत बसते. मला ते बघवत नाही.

पत्राचं कारण असं. गुरुवारी शाळेच्या फाटकाशी तिनं मैत्रिणीला माझी ओळख करून दिली, 'हा माझा बाबा.' अख्ख्या जगाला टोकणारा मी, पण तिला टोकलं नाही. खरं सांगतो, मला फार गोड वाटलं. म्हणूनच घाईनं लिहितोय. न्यायची असेल तर या महिन्यात ये. नसेल, तर तेही सरळ कळव. मग मात्र पुढं कधी आलास आणि तिनं तुला काका म्हटलं, तर चालवून घे.

तुझाच,
दादा