आईचा हात आणि तीन लाख

भंडारा, रविवार, १२ जानेवारी

मणक्याचं दुखणं वाढल्यापासून आईने एकोडीला जाणं सोडलं आहे. तिथे मावशी अंथरुणाला खिळलेली. रस्त्यातले धक्के तिला सोसत नाहीत, म्हणून ही महागडी गाडी घ्यायचा विचार. खड्डा ओळखून आपोआप मऊ होणारं सस्पेन्शन हवं तर तीन लाख जास्त.

आज नागपूरच्या शोरूमचा माणूस ती गाडी घेऊन दारात आला. आम्हांला वरठीपर्यंत फिरवून आणलं. माझ्या गाडीत आई दारावरचं हँडल घट्ट धरून बसते. आज तिचा हात मांडीवर होता. जाताना, येतानाही मांडीवरच. मला वाटलं, उत्तर मिळालं.

तो गेल्यावर विचारलं, "मग घेऊ ना?"

"घे ना, तुह्या हौसेले कोन अडवते? पन तो मानूस हळू चालवत होता, बाबू. तुले एकोडीवरून परतायची येवढी घाई काहून रायते? मावशीजवळ तं तू बसतच नाही."

हसत म्हणाली. मग तो हात मांडीवर होता तो नेमका कशामुळे?

मावशीच्या खोलीत लघवीचा वास येतो. मी अंगणातच उभा राहतो. आईच्या हे लक्षात आलं नसेल, असं मी धरून चाललो होतो.

उद्या आईला घेऊन एकोडीला, जुन्याच गाडीने, हळू. आणि खोलीत बसायचं. तीन लाखांचं त्यानंतर.