एका गुंडीतली बारकी

माय, मागच्या वर्षी प्रयोगशाळेतून कागद आला आणि त्यात तू आहेस. तुझं नाव नाही, ते कसं असणार? त्यात एवढंच आहे की काकूच्या शेतातल्या लहानशा तळ्यातली, बोडीतली, सगळी बारकी मासोळी एकमेकींच्या फार जवळच्या नात्यातली आहे. केव्हातरी अगदी ओंजळभर मासोळ्या उरल्या असाव्यात आणि आजची सगळी त्यांचीच लेकरं. असं का झालं असेल, हे त्यांनी मला विचारलं होतं. मी मेलेले तलाव पुन्हा जिते करायचं संशोधन करणारी शिकलेली बाई, लगेच लिहून मोकळी झाले: दुष्काळात गावचा तलाव आटला, बोडीत थोडी बारकी टिकली. अहवाल पुढे गेला, छापला गेला. मग मागच्या महिन्यात काकूजवळ सहज विषय निघाला, तर बांधावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "कायचा दुष्काळ? तुह्या मायनं आनली ते तलावातून, पान्याच्या गुंडीत. मी होती ना सोबत."  ती आपली पायाचा चिखल काढत होती.

ते साल तुला मी सांगायला नको. बी.एस्सी. होऊन मी चंद्रपूरहून घरी आले होते, आपल्या ढिवर मोहल्ल्यातली पहिली. मच्छीमार सोसायटीची सभा शाळेच्या व्हरांड्यात भरली आणि त्या पुरुषांनी जन्मात पहिल्यांदा एका पोरीला खुर्ची दिली. खुर्ची दिली तर मी डोक्यावरच चढले. म्हटलं, रोहू-कटला वाढवायचा तर आधी तलाव साफ करा. ही बारकी म्हणजे पाण्यातलं तण आहे, रोहूच्या तोंडचा घास खाते, आणि मरळ तर रोहूची बोटुकली पिल्लंच गिळते. उन्हाळ्यात पाणी डोहापुरतं उरलं की मोहाची ढेप टाका. तेल काढून उरलेली ढेप, आपल्याकडे तिला काय तोटा? मासे मरतील, पंधरा-वीस दिवसांत विष उतरेल, वर त्याचंच खत होईल. माय, यातलं एक अक्षर मी मनाचं सांगितलं नव्हतं. पुस्तकात तसंच होतं, आजही आहे.

घरी आले तेव्हा तू चुलीपाशी बसून बारकी राखेत घोळून साफ करत होतीस. बातमी तुझ्या आधीच कानावर आली होती. मान वर न करता तू म्हणालीस, "रोहू तं सोसायटीचा. गाडीत बसून मूलच्या, वडशाच्या बाजारात जाते. बाया काय खातीन?" मी म्हटलं, तुला यातलं समजत नाही. त्यावर तू म्हणालीस, "नाई समजत. पर विचारलं तं पाहिजे होतं. तलावात तुह्या बापाचं जाळं फिरते, तसे आमचे हात बी फिरते." मग आंबाडी टाकून तू सार केलंस, मला वाढलंस, आणि चुलीकडे तोंड करून बसलीस. मला वाटलं, रुसलीस. रुसली असशील तर निघेल रुसवा, इतकाच विचार मी केला.

ढेप टाकायच्या दिवशीची सकाळ मला स्वच्छ दिसते. ड्रममध्ये भिजवलेली ढेप माणसं घमेल्यांनी डोहात टाकत आहेत, आणि मी तलावाच्या पाळीवर वही घेऊन उभी आहे. थोड्या वेळाने मासे वर येतात, तोंड उघडून. मरळीसारखा चिवट मासा काठच्या चिखलात येऊन अंग टाकतो. मी एकेक जात लिहून घेते आहे आणि, लपवून काय करू, मला आनंद होतो आहे. दुपार होता होता तू पाळीवर येतेस, लुगडं कमरेपर्यंत ओलं, कोपरापर्यंत चिखल, काखेत ती काठाला पोचा आलेली जर्मनची गुंडी. चारचौघांसमोर मी तुला टोचून बोलते, "आज तरी घरी राहायचं होतंस, लोक बघतात." तू म्हणतेस, "पानी आनाले गेली होती." गुंडी रिकामी होती, माय. पाणी आणायला गेलेली बाई रिकामी गुंडी घेऊन आली, आणि बारकाईने बघायचं शिक्षण घेऊन आलेल्या तुझ्या लेकीला ते दिसलं नाही.

रोहू झाला, चांगला झाला. माझं नाव झालं आणि त्याच नावावर मला पुढे शिकायला मिळालं. बारकी गेली ती गेलीच. रोहूने नाही गेली, माझ्या ढेपेने गेली, आणि अहवाल लिहिताना हे मला आठवत नव्हतं असं नाही. लिहिलं नाही, एवढंच. मला दिवस गेले तेव्हा चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त कमी आहे म्हणून सांगितलं. एस.टी.डी.वरून शेजाऱ्यांकडे निरोप ठेवला, तर तिसऱ्या दिवशी तू एस.टी.ने हजर, हातात सुकलेल्या बारकीची पुडी. कुठली म्हणून विचारलं तर म्हणे मूलच्या बाजारातली. मूलच्या बाजारात अजून बारकी मिळते? "खाय ना चुपचाप. वकिलावानी काऊन विचारून राह्यली?" तव्यावर भाजून तू रोज माझ्या ताटात घालायचीस. डोक्या-काट्यासकट मी खाल्ली, आणि बाळ-बाळंतीण ठणठणीत राहिलो. तुला घे म्हटलं की तू म्हणायचीस, मी घरी खाते ना रोजच.

पुढच्या पावसाळ्यात तुला ताप आला. दवाखान्यात डॉक्टरांनी तुझी पापणी खाली ओढली, आत पांढरं फटक. हिच्या अंगात रक्तच नाही म्हणाले. मी तिथेच तुझ्यावर खेकसले, "तू खात तरी काय होतीस?" तू म्हणालीस, "भात." आठवड्याने तू गेलीस. नुसत्या मासोळीने तू वाचली असतीस, असं म्हणायला माझ्याजवळ आधार नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मीच पुरावा मागितला असता. आज मी सभांमधून बोलते की तलावातल्या वनस्पती, मासे आणि बायांच्या अंगातलं रक्त ही एकाच धाग्यातली गोष्ट आहे, आणि लोक माना डोलावतात. पण मला राग येतो, माय. माझा येतोच, तुझाही येतो. निदान बोडीचं तरी एकदा सांगायचं होतंस. की सांगितलं असतं तर तिथेही मी ढेप घेऊन आले असते, असं वाटलं तुला?

आता ऐक, आज काय झालं ते. आपल्या तलावात बायांनी पाणवनस्पती लावून दोन वर्षं झाली, आता त्यात बारकी सोडायची आहे. पण बोडीतली सगळी एका रक्ताची, एखादा रोग आला तर एकजात जाईल. तिच्यात दुसरी बारकी मिसळायला हवी, आणि ती आता फक्त पलीकडच्या गावच्या तलावात आहे. तिथली सोसायटी येत्या आठवड्यात ढेप टाकते आहे. मी आणि काकू दुपारी त्यांना थांबवायला गेलो. त्यांच्या अध्यक्षाने चहा पाजला आणि अगदी अदबीने म्हणाला, "म्याडम, ढेपेनं काई होत नाई. तुमच्या तलावातली बारकी तं दुष्काळानं गेली, तुम्हीच लिवलं हाय." माझ्या हातात कप होता. मी म्हटलं, एकदा पुन्हा विचार करा. तो म्हणाला, उद्या सगळी मंडळी बसतील, तेव्हा येऊन सांगा.

 येताना शेताच्या धुऱ्यावर थांबून काकू म्हणाली, "त्या साली तलाव आटला नव्हता, पोरी. मी भरून राह्यली होती ना गुंडी, मले ठाऊक हाय." जरा पुढे गेल्यावर म्हणाली, "उद्या मायची गुंडी घेऊन ये. ते विचारतीन, हे पोचकी गुंडी काऊन आनली. मंग सांगजो."

उन्हं उतरली आहेत. चिंच लावून गुंडी घासली, चकचकीत झाली, पोचा तेवढा तसाच आहे. तिच्यात किती बारकी मावत असेल, याचा अंदाज घेत बसले होते. फार नाही मावत. हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी तुला वाचून दाखवायला मीच लागले असते. गुंडी दाराशी ठेवली आहे, सकाळी निघताना हाताशी यावी म्हणून. खरं सांगते माय, तिच्या शेजारी प्लास्टिकची बादलीही ठेवली आहे. बारकी तिच्यातही येईल, आणि बादलीचं कुणी काही विचारत नाही.