अडवाअडवीचं निःपक्षपाती पान

४ जून
संकल्प: आपल्या खेळाचं ऑनलाइन ज्ञानकोशात पान करायचं. उशीर झालाच आहे. तिथे कुठल्या कुठल्या फालतू खेळांची पानं आहेत, आणि 'अडवाअडवी'चं नाही! नकाशा विभागात असताना जेवणाच्या सुट्टीत, एक पुठ्ठा आणि बाटल्यांची झाकणं घेऊन मी हा खेळ शोधून काढला. पुढे सगळं ऑफिस खेळायचं. (साहेब सोडून. साहेब हरायचे.) माझ्यामागे हे कोण सांगणार? ही म्हणाली, आधी प्लंबरला फोन करा. उद्या.

५ जून, सकाळ
पान तयार. पहिलं वाक्य: 'अडवाअडवी हा जगातला एक अजोड खेळ आहे.' 'एक' घातलं, म्हणजे नम्रता राहिली. खाली नियम, इतिहास, जनकाचा फोटो (केस असतानाचा). प्लंबर उद्या.

५ जून, दुपार
पान उडवलं! उडवणारा कुणी 'टाचणी' नावाचा प्रचालक, म्हणजे तिथला राखणदार. म्हणे लेखकाचा विषयाशी हितसंबंध आहे. आता आईचा लेकराशी हितसंबंध नसणार तर कुणाचा असणार? भांडणं माझ्या स्वभावात नाही. चर्चापानावर त्याला फक्त उत्तर लिहिलं. दुपार गेली त्यात.

७ जून
नवं खातं उघडलं. नाव 'तटस्थ वाचक'. ही फसवणूक नव्हे, कारण मनातून मी पूर्ण तटस्थ आहे. तटस्थ वाचकाने चर्चापानावर कळवलं, की आपण जनकाला ओळखत नाही, पण माणूस फार हुशार असावा.

८ जून
टाचणी विचारतोय, जनकाला ओळखत नाही तर त्याचे साहेब हरायचे हे कसं कळलं? बारीक डोक्याचा माणूस. दोन्ही खाती आठवडाभर बंद. मुलगी फोनवर हसत सुटली. म्हणाली, बाबा, दोन्हीकडे तुम्ही प्रत्येक वाक्याची सुरुवात 'सबब'ने केलीय. ऑफिसची सवय. यात हसण्यासारखं काय?

९ जून
हिला म्हटलं, तू लिही. ती भाजी निवडत होती.
"मी तुमची बायको. माझा हितसंबंध नाही होय?" म्हणाली. "आणि खरं लिहिलं तर तुम्हाला चालायचं नाही."
खरं काय, ते मी विचारलं नाही.

१५ जून
खातं सुटलं. टाचणीचं शेवटचं म्हणणं: स्वतंत्र स्रोत आणा. म्हणजे छापील मजकूर, तुम्ही न लिहिलेला, तुम्ही न सांगितलेला. एवढंच ना? मेहुण्याला फोन लावला. हिचा धाकटा भाऊ. पंख्यांचा सेल्समन, तोंडाने फटाकडा, ओळखी सगळीकडे. त्याच्या माहितीतली एक वार्ताहर आहे, इथल्या साप्ताहिकाची. रविवारी आमच्याकडे येणार. हा टाचणी आता बघेल.

१८ जून
मोठा निर्णय. मुलाखतीत मी नसणार. मी एक शब्द बोललो तरी स्रोत स्वतंत्र राहत नाही. सगळं मेहुणा बोलेल. माझी स्तुती नको, माझं नावही काढायचं नाही, असं त्याला बजावलं. तो म्हणाला, भावोजी, नुसते शेजारी बसा ना. काही माणसांना तत्त्व म्हणून काही कळतच नाही.

२१ जून, रविवार
मी आतल्या खोलीत, दार लावून. शिंक आली ती उशीत दाबली. बाहेर हशा, झाकणांची टकटक. वार्ताहरबाई खेळल्या म्हणे, रंगल्याही. फार बरं वाटलं. ही चहा घेऊन आत आली.
"अहो, स्वतःच्याच घरात काय लपून बसलाय?"
मी ओठांवर बोट ठेवलं.

२८ जून
छापून आलं. मोठा फोटो. फोटोत मेहुणा, पुठ्ठ्यावर वाकलेला. मथळा: 'पंखे विकता विकता सुचला खेळ'. माझं नाव नाही. दोनदा वाचलं, जाहिरातींसकट. नाही.
मेहुण्याचा फोन, रडवेला. बाईंनी विचारलं, खेळ कुणाचा, तर हा म्हणाला, आमच्या घरातलाच. त्यांनी याचंच नाव लिहून घेतलं.
"तुम्हीच म्हणालात ना भावोजी, तुमचं नाव काढायचं नाही."
म्हणालो होतो.

२९ जून
टाचणीने स्वतः पान केलं. छान केलंय, खोटं कशाला बोलू. जनक: मेहुणा. मी लिहिलं, जनक मी. उत्तर अदबीचं आलं: आपला हितसंबंध असल्याने आपला शब्द धरता येत नाही, कृपया स्रोत द्यावा. मेहुण्यानेही कळवून पाहिलं. त्याचाही हितसंबंध. वार्ताहरबाईंना फोन केला. दुरुस्ती आनंदाने छापली असती म्हणाल्या, पण तो साप्ताहिकाचा शेवटचा अंक होता.

३० जून
प्लंबर येऊन गेला. बाकी काही नाही. वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय.

६ जुलै
पान उघडायचं नाही असं ठरवलं होतं. उघडलं. चर्चापानावर कुणा अनोळखी बाईंनी लिहिलंय, की त्यांच्या जुळ्या मुली हा खेळ रोज खेळतात, पण डाव काही केल्या संपत नाही. संपणार कसा? मेहुण्याने कोपऱ्यातल्या सोंगटीचा नियमच उलटा सांगितलाय! पोरी बिचाऱ्या नुसत्या गोल गोल फिरत असतील.
खात्यात न शिरता तेवढा नियम दुरुस्त केला. जतन करण्याआधी एका चौकोनात खूण करावी लागते: 'या विषयाशी माझा काहीही संबंध नाही.' बराच वेळ नुसता बघत बसलो. ही दोनदा जेवायला बोलावून गेली.
खूण केली.
टाचणीचा लगेच निरोप: 'अनामिक संपादकाचे आभार. आपल्यासारखी निःपक्षपाती माणसं फार कमी आहेत.'