दोन-दोन बटणं

ता. ४ जून

चि. छोट्यास अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

आम्ही दोघं इथे सुखरूप पोचलो. कपड्यांच्या कारखान्यात मला कॉलर जोडायचं काम मिळालंय. दिवसभर नुसत्या कॉलर. बाकीचा शर्ट कोण शिवतं, देव जाणे. तुझी वहिनी म्हणते, निदान आता तुम्ही इंची टेप गळ्यात घालून झोपत नाही. आईचे गुडघे कसे आहेत?

शिंपीकामाचं दुकान एक, घरं दोन. कोणीतरी जायलाच हवं होतं. तोंडानं म्हणवेना, म्हणून पैशांऐवजी बटणं लावून पोकर मांडला, ज्याची बटणं संपतील त्यानं जायचं, ते बरंच झालं. शेवटच्या डावात तुझ्याकडे तीन राजे आणि दोन अठ्ठ्या, माझ्याकडे नुसत्या दोन जोड्या. तरी तू दोन-दोन बटणंच लावत राहिलास. पत्ते टाकून सुटायला मला दर वेळी वाट ठेवलीस. मीच हट्टानं बसून राहिलो. वहिनीला म्हटलं, जिंकावं तर माझ्या भावासारखं.

मशीनला तेल घालत जा. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

ता. १५ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

आईचे गुडघे बरे आहेत. तुझं पत्र तिनं मला मोठ्यानं वाचायला लावलं. शेवटच्या ओळींना घसा बसल्याचं सोंग केलं आणि उठून गेलो.

दादा, मी तुला वाट ठेवली नव्हती. राजे हातात आले तेव्हाच ठरवलं, वीस बटणं लावली तर तू पत्ते टाकशील आणि खेळ पुन्हा सुरू होईल. दोन लावली तर तू बसून राहशील. लहानपणी सायकलची अजून एक फेरी मागितली, अजून पाच मिनिटं मागितली, तू कधी नाही म्हणाला नाहीस. त्याच भरवशावर तुझी सगळी बटणं मी दोन-दोन करून ओढली. वर दुकानात माल द्यायला येणाऱ्या बटणवाल्याला ही युक्ती हसत हसत सांगितली. तो मला हुशार म्हणाला आणि मला ते आवडलं. आता आरशात बघून दाढी करायचीही लाज वाटते.

मला माफ कर. गिऱ्हाइकं तुझी आठवण काढतात. निदान शनिवारी तरी दुकानात येऊन बसत जा, एवढंच मागतो. वहिनीला नमस्कार. रागावलास तरी पत्र लिही.

तुझा,
छोट्या

ता. २३ जून

चि. छोट्यास आशीर्वाद, वि. वि.

पत्र मिळालं. वहिनीला दाखवलं नाही. ती शेजारपाजाऱ्यांना तुझं कौतुक सांगत असते. ते कोणत्या तोंडानं थांबवू?

राग आला, आणि वाईटही वाटलं. त्या दिवशी हरल्याचं एवढं वाटलं नव्हतं. तू खरं लिहिलंस, हे मात्र सगळ्यांना जमत नाही.

पण छोट्या, अख्खं दुकान हातात असताना तू पुन्हा दोन बटणांसारखा नुसता शनिवारच देऊ केलास. दादा, परत ये आणि दुकान घे, असं लिहिलं असतंस तर मी नकोच म्हणालो असतो. तरी तू विचारायला हवं होतंस.

आईला सांग, शनिवारी येतो. एवढ्याशा मागण्याला मला नाही म्हणता येत नाही, तुला ठाऊकच आहे.

दादा