नहरीवर कुणी लिहिलंच नाही

३ जुलै
पीएचडीचं ठरलं. विषय आपल्या शहराची जुनी नहर, जमिनीखालून पाणी आणणारी. गाईड पुंजाराम सरच. त्यांच्याकडं एकच सीट उरलीय आणि तिच्यावर सुलेखाचाही डोळा आहे. ती म्हणे लासूर स्टेशनच्या बाजारावर करणार. बाजारात लोक मिरच्या घेतात, पीएचडी नाय.
सरांची पुस्तकं वाचायला पाहिजेत. सीट मिळाली की वाचू.

५ जुलै, दुपारी
लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर 'नहर' टाकलं. शून्य. 'जुनी नहर', शून्य. शून्य बघून आनंद आयुष्यात पहिल्यांदाच झाला. म्हणजे कुणी अक्षरही लिहिलेलं नाही. खात्रीसाठी काउंटरवर हळूच विचारलं, तिथल्या माणसालाही एकाही पुस्तकाचं नाव आठवेना.
शेजारच्या टेबलावर सुलेखानं बाजारावरच्या पुस्तकांची चळत लावलेली. एवढी हिला सापडतात कुठं? पोटात दुखायला लागलं. कॅन्टीनची मिसळ असणार.

८ जुलै
सुलेखा आपणहून शिकवायला आली. म्हणे, गोकुळभाऊ, आपल्या मनच्या शब्दांनी शोधू नका. पुस्तकाचं नाव काही का असंना, लायब्ररी त्याला एक ठरलेलं विषय-शीर्षक देते. ते टाकलं की त्या विषयाची सगळी पुस्तकं एका जागी दिसतात.
मी म्हणालो, माहितीय. माहीत नव्हतं. पण हिच्याकडून शिकायचं?
पोट परत. मिसळ बंद केली पाहिजे.

१२ जुलै
सुलेखाच्या स्क्रीनवर 'पाणीपुरवठा – इतिहास'. बाजारवालीला पाणी कशाला लागतं? काउंटरवरचं माझं बोलणं हिनं ऐकलं. विषय पळवतेय. मला बघून म्हणाली, इकडं या, तुमच्या कामाचं आहे. पुढचं ऐकलंच नाय. बॅग उचलली ते थेट मुकुंदवाडीला घरी.
सरांना विषय आधी सांगणार होतो. रद्द. केबिनमध्ये ही कायम बसलेली असते. आता थेट विभागासमोरच सांगायचा.

१९ जुलै, सकाळी
आज मांडणी. नवा शर्ट. पहिलं वाक्य पाठ आहे: 'या विषयावर आजवर कुणीही लिहिलेलं नाही.' सर खुर्चीतून उठतील.

१९ जुलै, संध्याकाळी
वाक्य खणखणीत म्हटलं. सर उठले नाहीत. म्हणाले, मी लिहिलंय. 'तहानलेलं शहर'. उमेदीची वर्षं गेली त्यात.
पुस्तकाच्या नावात नहर नाही, ह्यात माझी काय चूक?
सीट सुलेखाला.

२० जुलै
लायब्ररीत कुणी बघत नाही असं पाहून 'पाणीपुरवठा – इतिहास' टाकलं. केवढी यादी. पहिलंच पुस्तक सरांचं. पुढं लिहिलेलं, वाचकाकडे आहे. कुठल्या वाचकाकडे ते विचारायची गरज नव्हती.
कॅन्टीनमध्ये सुलेखाला गाठलं. मी तोंड उघडायच्या आत तिनं पिशवीतून पुस्तक काढून दिलं. म्हणाली, तुमच्यासाठीच घेऊन ठेवलं होतं, तुम्ही थांबतच नाय.
आभार मानायचे होते. म्हणालो, पानं फाडली नाहीत ना?
ती हसली. चहा तिनंच सांगितला.
आज मिसळ खाल्ली नव्हती. तरी पोटात दुखलं.