चढाला पेलेल एवढंच सामान

प्रिय ताई,

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला शाळेतली सगळी जुनी मंडळी आली होती. एकेक जण उठून तुझ्याबद्दल चांगलं बोलला. बाई वेळेच्या पक्क्या, बाई शांत, बाईंनी कधी आवाज चढवला नाही. एक सर म्हणाले, रत्नाबाई शाळा आणि घर सोडून कुठं गेल्याच नाहीत. मी पहिल्या रांगेत बसले होते. तोंडाशी आलं होतं की सर, ही बाई कुठं जाऊन आली होती ते तुम्हाला ठाऊक नाही. पण शेजारी दाजी बसले होते. आणि आईनं आपल्या दोघींना घातलेली शपथ, आई जाऊन इतकी वर्षं झाली तरी, मी मोडली नव्हती.

म्हणून हे पत्र लिहायला बसले. तिथं बोलले नाही ते आता तुलाच सांगते. तुला सगळं माहीत आहे, तरी ऐक.

तेव्हा तू जाफराबादला नुकतीच शिक्षिका म्हणून लागली होतीस. बाबा जिनिंगवर कापसाचे गठ्ठे उचलायचे, आणि घरात महिन्याचा पगार आणणारी पहिली तू. त्यातून तू एका नर्सबाईंची जुनी लेडीज सायकल घेतलीस. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघायच्या. मी अकरावीत होते आणि बाबांच्या उंच सायकलवर दांडीखालून पाय घालून शिकले होते. आठवतं ना, गुडघे कसे सोलून निघायचे?

अजिंठ्याचं खूळ तुझ्याच डोक्यातलं. पुस्तकात लेण्यांचं चित्र होतं, आणि वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, बाई, तुम्ही हे पाहिलं का? तू घरी येऊन जेवताना एवढंच म्हणालीस, "आपल्या बुद्धाचं घर इतकं जवळ, आन् मी पोरींना चित्र दाखवून राह्यले."

बाबा म्हणाले, एस्टीनं जा. तू म्हणालीस, एस्टीनं गेलं की एस्टीच्या वेळेनं परत यावं लागतं, आम्हाला निवांत बघायचंय. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनीच तिला समजावलं. भोकरदनला आत्याकडं पहिला मुक्काम, आणि दिवाळीची सुट्टी संपायच्या आत घरी, या बोलीवर परवानगी मिळाली.

मग सुरू झालं सामानाचं. ताई, तो आठवडा मला प्रवासापेक्षा जास्त आठवतो.

आईनं वाकळ काढली, पितळी डबा काढला, तांब्या, दोन पातळं, मोठी बॅटरी, लोणच्याची बरणी. सगळं कॅरिअरवर बांधल्यावर माझी, म्हणजे बाबांची, सायकल उभी राहीना. तू हसली नाहीस. म्हणालीस, चल, शाळेच्या चढावर नेऊन बघ. मी निम्म्यात उतरले. दुसऱ्या संध्याकाळी तू बरणी आणि डबा काढलास, तरी मी उतरले. असं रोज चाललं. तुझा नियम एकच होता: चढावर खाली न उतरता जेवढं ओढता येईल तेवढंच सामान आपलं.

वाकळीऐवजी तू आईची जुनी सुती लुगडी घेतलीस. दोन नेसायला, काष्टा घालून, कारण पाचवारीचा घोळ चेनमध्ये जातो. आणि दोन घडी करून, अंथरायला, पांघरायला, अंग पुसायला तीच. डब्याऐवजी धपाटे फडक्यात बांधले. तांब्या घरी ठेवून सुकवलेल्या भोपळ्याचा तुंबा पाण्याला घेतला. पंक्चरचं सामान मात्र तू काढू दिलं नाहीस, आणि पंप माझ्या दांडीला बांधलास. फणीचे तर दोन तुकडे केलेस! आई ओरडली, चांगली फणी काहून मोडली. तू म्हणालीस, केस दोघींचे आहेत पण एका वेळी एकीच विंचरणार, अर्धी पुरती. आईला राग यायच्या जागी हसू आलं. त्या दिवशी तिचा रुसवा गेला.

मला आरसा हवा होता. तू नाही म्हणालीस. त्याचा राग मला भोकरदनपर्यंत पुरला.

पण शेवटच्या संध्याकाळी मी तो चढ न थांबता चढले. वर पोचून मागं पाहिलं तर तू खाली उभी राहून दोन्ही हात वर केले होतेस. शाळेतल्या बाईंसारखी बिलकुल दिसत नव्हतीस.

आत्याकडचा मुक्काम झाला आणि दुसऱ्या दिवशी आपण सिल्लोडच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना कापणी झालेली ज्वारी, कडब्याच्या गंजी. तू पुढं, मी मागं. तू गाणं म्हणत नव्हतीस, पण तुझी मान हलत होती, म्हणजे मनात म्हणत होतीस.

ऊन चढलं तेव्हा ती बाई दिसली. शेतातून रस्त्याकडं पळत येत होती, कडेवर सहा-सात वर्षांची मुलगी. मागून एक म्हातारे धोतर सावरत येत होते. मुलीला कडब्याची पेंढी उचलताना विंचू चावला होता. तिचं अंग घामानं भिजलं होतं, तोंडातून लाळ येत होती, आणि ती रडतही नव्हती. तिच्या न रडण्याचीच मला भीती वाटली.

म्हातारे मुलीचे आजोबा. त्यांचं म्हणणं, पलीकडच्या वस्तीवर विंचू उतरवणारा आहे, तिकडं न्यावं. मुलीची आई म्हणत होती दवाखाना. पण एस्टी दुपार कलल्यावर येणार होती. तू सायकल आडवी टाकून मुलीचा हात धरलास, नाडी बघितलीस आणि म्हणालीस, हिला आत्ताच्या आत्ता सिल्लोडला न्यायला पाहिजे, आम्ही नेतो.

आजोबांनी आपल्याकडं पाहिलं. मग विचारलं, "तुमी कोणाच्या, पोरींनो?"

त्या प्रश्नाचा अर्थ आपल्या दोघींनाही कळला. मला वाटलं, तू बाबांचं नाव सांगशील, गावाचं सांगशील. तू सरळ म्हणालीस, "आमी बौद्ध हावोत, बाबा. पोरगी देता का?"

उत्तर मुलीच्या आईनं दिलं. पुढं झाली, आणि मुलगी तुझ्या हातात दिली. "न्या बाई," म्हणाली. "मी बी येते."

त्यानंतर तू जे केलंस ते इतक्या झटपट केलंस की मला नीट दिसलंही नाही. दोन्ही सायकलींवरचं गाठोडं सोडून बांधावर ठेवलंस. अंथरायचं लुगडं उलगडून मुलीला तुझ्या पाठीशी करकचून बांधलंस. आणि मला म्हणालीस, "सुमे, तिच्या मायला तू घे."

ताई, ती बाई माझ्या सगळ्या सामानाच्या कितीतरी पट जड होती! कॅरिअरवर एका अंगानं बसलेली, माझ्या कमरेला धरून सारखी "कांता, कांता" म्हणत होती. आधी वाटलं मी पडणारच. रस्त्यात एक लांब चढ आला. माझ्या मांड्या पेटल्या, डोळ्यांपुढं अंधारी आली. मी म्हणाले, ताई, थांबू जरा. तू मागं वळून पाहिलं नाहीस. पाठीवरच्या मुलीची मान एका हातानं सावरत तू म्हणालीस, "थांबू नको. हळू चाल, पण थांबू नको."

मी थांबले नाही. कशी चढले ते आजही सांगता येत नाही.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी मुलीला लगेच आत घेतलं. सुया दिल्या, सलाइन लावलं. संध्याकाळपर्यंत ते काही सांगेनात. आपण दोघी आणि कांताची आई व्हरांड्यात बसून होतो. तुझ्या पाठीवर लुगड्याचा वळ उठला होता, आणि तू तो मला दाखवत नव्हतीस. दिवेलागणीला आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी मोठ्यानं रडत होती, आईला हाका मारत होती. कांताची आई उठली नाही. भिंतीला डोकं टेकून तीही रडायला लागली. तू मात्र उठून बाहेर नळावर गेलीस आणि बराच वेळ तोंड धूत राहिलीस.

दुसऱ्या दिवशी आजोबा बैलगाडीनं आले. आपलं गाठोडं त्यांनी गाडीत नीट ठेवून आणलं होतं. नातीला बघून आले, आपल्यासमोर व्हरांड्यात खाली बसले आणि बराच वेळ पागोट्याचं टोक चाळवत राहिले. मग म्हणाले, "पोरींनो, वाटंत भूक लागल्ती. तुमच्या फडक्यातले धपाटे मी खाल्ले बगा."

तू म्हणालीस, "गोड लागले का?"

"मीठ जरा जास्त हाय," ते म्हणाले.

तू इतकी हसलीस की नर्स बाहेर आली. त्यांनी आपल्यासाठी गूळ आणि शेंगांचं अख्खं पोतं आणलं होतं. तू हात जोडून म्हणालीस, बाबा, सायकलला पेलायचं नाही. शेवटी ओटीत मावेल तेवढ्या शेंगा घेतल्या.

कांताला घरी सोडेपर्यंत आपण तिथंच थांबलो. तोवर बाबांनी दिलेली मुदत संपत आली होती. अजिंठ्याचा रस्ता सिल्लोडहून पुढं जात होता. आपण दोघी त्या फाट्यावर जाऊन उभ्या राहिलो. तू म्हणालीस, पुढच्या सुट्टीत. आणि सायकल माघारी वळवलीस.

घरी आल्यावर बाबांनी सगळं ऐकलं आणि तुझ्या डोक्यावर हात ठेवला. आईनंही ठेवला, पण रात्री जेवताना शपथ घातली. दोन पोरी इतके दिवस बाहेर, परक्या गावात मुक्काम. हे कुणाच्या कानावर जाऊ देऊ नका, लग्नं व्हायचीत. तिचंही खोटं नव्हतं. तो काळच तसा होता.

पुढच्या सुट्टीत तुझं लग्न ठरलं आणि तू घनसावंगीला गेलीस. लेडीज सायकल तुझ्यासोबत गेली नाही. मग मुलं, बदल्या, दाजींचं आजारपण. शाळेच्या सहली अजिंठ्याला जायच्या तेव्हा तू दुसऱ्या बाईंना पाठवायचीस. मी विचारलं तर म्हणायचीस, तुझ्यासोबत जाईन. मग का नाही गं आलीस? मी काय कमी वेळा फोन केला? दरवेळी, थंडी पडू दे, शाळा उघडू दे, नातीचं बारसं होऊ दे. एवढा एक राग आहे माझा तुझ्यावर, आणि तो आता काढू तरी कुणावर?

मागच्या रविवारी मी घनसावंगीला गेले. दाजी एकटेच ओसरीवर बसले होते. शपथ घालणारी गेली, जिच्यासोबत मला घातली तीही गेली, मी आता ती कुणासाठी पाळायची? मी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्या चढापासून शेवटच्या फाट्यापर्यंत. संपल्यावर ते म्हणाले, "म्हणून ती मला प्रवासात दुसरी पिशवी घेऊ देत नव्हती."

मग चष्मा पुसत विचारलं, "मंग अजिंठा राह्यलाच?"

मी म्हटलं, राह्यलाच.

ते उठून आत गेले. मला वाटलं, दुखावले. इतकी वर्षं बायकोनं ही गोष्ट लपवली, कुणालाही लागेल. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "सुमन, माझे गुडघे तिथल्या पायऱ्या चढतील का?"

ताई, थंडी पडली की मी त्यांना घेऊन निघणार आहे, गाडीनं, दमादमानं. पायऱ्या जमतील तेवढ्या चढू. आणि त्याआधी सिल्लोडच्या अलीकडं ते गाव शोधणार आहे. कांता आता स्वतः आजी झाली असेल. तिचं सासर कुठलं, ती कुठं असते, मला काही माहीत नाही, पण मी तिला शोधून काढीन. तिला आपल्या पाठीशी बांधून नेणारी बाई गेली, हे तिला कळायला हवं. दाजींना घेऊन तिच्या घरी जाईन, तिच्या हातचं जेवीन, आणि मगच पुढं निघेन. हे माझं तुला वचन.

तुझीच,
सुमी