बारा साबण आणि एक साचा

सोमवार, ३ जून
बायकोनं नोकरी सोडून घरी साबण करायला घेतले, त्याला वर्ष झालं. सोळा तारखेला विक्री सुरू. वेबसाइट मी करणार. तिचं म्हणणं, एका साबणाचं पान कर, त्याच्या बारा कॉप्या काढ, नाव-फोटो बदल, झालं. मी नुसता हसलो. या धंद्यात केस पिकले माझे! उद्या फोन नंबर बदलला तर बारा पानं उघडत बसायची? वरची पट्टी, मेनू, खालचा फुटर हे एकदाच एका फाइलीत लिहायचं, हा झाला साचा. सगळी पानं तिथून उचलतील. एका जागी बदल, सगळीकडे लागू. दोन दिवसांचं काम.

गुरुवार, ६ जून
साचा जवळजवळ तयार. पान एकही नाही, पण पानं काय, कुणीही करतं. फुटरमध्ये तात्पुरतं काहीतरी खरडलंय, नंतर बदलीन. गुलाबाच्या साबणाचा फोटो उभा, बाकीचे आडवे, म्हणून साच्यात गुलाबापुरती एक अट टाकली.

रविवार, ९ जून. सकाळी
अटी अकरा झाल्या. आजपासून नवी अट नाही म्हणजे नाही.

त्याच दिवशी, दुपारी
कोळशाचा साबण काळा, पानही काळं. साबण दिसतच नाही. बारावी अट. शेवटची.
हिनं विचारलं की बारा साबणांना बारा अटी, मग सारखं काय राहिलं? मेनू, असं मी ठणकावून सांगितलं.

मंगळवार, ११ जून
सासरे आले. त्यांना मोठ्या उत्साहानं साचा दाखवला. वर टोपी आहे, खाली चपला आहेत, मधला माणूस कुठंय, असं त्यांनी विचारलं. बायको खो खो हसली. या घरात तंत्रज्ञानाची कदर नाही.

शनिवार, १५ जून
बाराही पानं वेबसाइटवर चढवली. माणूस आला मध्ये! सासऱ्यांना फोन केला, ते झोपले होते.

रविवार, १६ जून. सकाळी
शेजारणीचा फोन. तिनं हिला फुटर वाचून दाखवला: साबण शेवटी साबणच, कुठलाही घ्या, फेस येतो. माझंच ते तात्पुरतं वाक्य. पण नोंद करायलाच हवी की ते बाराही पानांवर एकाच वेळी, एकसारखं उमटलं. कॉपी केली असती तर एखादं पान नक्की सुटलं असतं.

दुपारी
घाबरायचं कारण नाही, असं हिला सांगितलं. एका जागी बदल केला. कोडमधला एक कंस बंद करायचा राहिला. बाराही पानं पांढरीफटक.
ही साबणांची खोकी परत कपाटात ठेवायला लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं. वर्षभर राबलीय बिचारी, हात पोळून घेतलेत. फार वाईट वाटलं. म्हणून लगेच साच्याचा नवा आराखडा काढायला बसलो.

सोमवार, १७ जून
मी आराखडा काढत होतो तेवढ्यात हिनं स्वतःच एक पान करून चढवलं. एकच! बारा फोटो एकाखाली एक, तळाशी फोन नंबर. मेनूसुद्धा नाही. सकाळपासून फोन थांबत नाहीये. मी पान बारकाईनं तपासलं. एकच पान असल्यामुळे साचा वापरायला कुठे जागाच नाही. दुसरं पान करशील तेव्हा मला हाक मार, असं मोठ्या मनानं सांगितलं. दुसरं पान होणार नाही, असं ती फोनवर हात ठेवून म्हणाली.
मला साबण गुंडाळायला बसवलंय. गुलाब गोल, कोळसा चौकोनी, लिंबू लांबट. प्रत्येकाला वेगळा कागद कापायचा, हा शुद्ध वेडेपणा. बाराही साबणांना बसेल असा एकच कागद मी कापायला घेतला. तिनं कात्री काढून घेतली. आता चिकटपट्टीचे तुकडे बोटांवर लावून बसलोय. तिला लागेल तसा एकेक देतो.